रोजच्याच जागेचे फोटो कोण काढतं?

पाऊलवाट | ९ मार्च, रात्री १०:१२

माझ्या रोजच्या जाण्यायेण्याच्या रस्त्यावर एक माळ आहे. माळ म्हणावं इतकाही मोठा नाही. किंचित चढ, चढावर एक वाकडं झाड, झाडाच्या डाव्या हाताला विजेचा खांब आणि पलीकडे लांबवर टेकड्यांची बुटकी रांग. संपलं. सहा वर्षं मी तिथून जातेय आणि सहा वर्षांत एकही फोटो काढला नव्हता. बाहेरगावी फिरायला गेले की मात्र दिवसाला चारशे. घरी आल्यावर तेच चारशे बघायचा कंटाळा यायचा, तो भाग वेगळा.

मागच्या ऑक्टोबरात गुडघ्याने डोकं वर काढलं आणि प्रवास बंद झाला. कॅमेरा कपाटात पडून. एक दिवस चिडून म्हटलं, चला, माळ तर माळ. रस्त्याच्या कडेला एक मैलाचा दगड आहे. त्याला पाय टेकवून उभं राहायचं, एक फोटो काढायचा आणि चालू पडायचं. आठवड्यातून तीन-चार वेळा. दगड बदलायचा नाही, लेन्स बदलायची नाही.

खोटं कशाला सांगू, पहिले दोन महिने एकही फोटो धड आला नाही. मी ‘सुंदर’ काहीतरी शोधत होते ना! फांदीच्या बेचक्यात सूर्य बसवून झाला. तारेवरचे पक्षी झाले. ढगांचे डोंगर झाले. सगळ्या युक्त्या संपल्या आणि मग जो काही कंटाळा आला म्हणता! कॅमेरा डोळ्याला लावायचा, खटका दाबायचा, निघायचं.

डिसेंबरात एका सकाळी असंच निर्विकारपणे फोटो काढला, चार पावलं पुढे गेले आणि थबकले. काहीतरी चुकलं होतं. मागे वळून पाहिलं तर टेकड्यांची रांग दोन झाली होती. पुढची गडद निळसर, मागची अगदी फिकट, आणि दोघींच्या मधे पांढऱ्या पाण्यासारखं धुकं साचलेलं. ते धुकं नसतं तर दोन्ही रांगा एकमेकींना चिकटूनच दिसतात. म्हणजे सहा वर्षं जिला मी एक टेकडी समजत होते, तिच्या पोटात एक अख्खी दरी होती.

त्या दिवसापासून हा नाद लागलाय. तुमच्यापैकी कोणी असं एकाच जागेला चिकटून फोटो काढतं का?

शिवाय तीन अडचणी आहेत. १) धुक्याचा फोटो कॅमेऱ्यात मळकट राखाडी येतो, डोळ्याला दिसलं तसा पांढरा येत नाही. २) फोनवर काढलं तर टेकड्या मुंगीएवढ्या होतात. ३) खांब ठेवू की नंतर संगणकावर पुसून टाकू?

निळाई | ९ मार्च, रात्री १०:४०

पोटात दरी!! काय लिहिलंयस गं. फोनचं माझंही अगदी हेच रडगाणं आहे. संध्याकाळी बाल्कनीतून इतकं गडद निळं दिसतं आणि फोनवर दिवस उजाडल्यासारखं येतं. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

तिरपा डोळा | ९ मार्च, रात्री ११:०५

पाऊलवाट, लेखन आवडलं. फोटोंबद्दल मात्र स्पष्ट बोलतो, हलकेच घ्या.

तुम्ही दिलेली चारही प्रकाशचित्रं दोनदा बघितली. लेख वाचला नसता तर पहिल्या सेकंदाला पुढे गेलो असतो. दोन रांगा दिसल्याचा आनंद तुमच्या सहा वर्षांचा आहे. बघणाऱ्याच्या पदरी ती सहा वर्षं नाहीत, त्याला माळ आणि खांब दिसतो. आपलं मूल आपल्याला गोड वाटतं तसलाच हा प्रकार नाही का? फोटोला स्वतःच्या पायावर उभं राहता आलं पाहिजे. शेजारी उभं राहून गोष्ट सांगावी लागत असेल तर मग गोष्टच लिहा, फोटो कशाला?

पाऊलवाट | १० मार्च, सकाळी ८:२०

तिरपा डोळा, अजिबात राग नाही. खरं तर मलाही ही शंका आहे, म्हणूनच धागा काढला.

अंधारखोली | १० मार्च, दुपारी ३:३०

आधी अडचणींचं बघू, वाद नंतर घालू.

धुकं राखाडी येतं त्यात कॅमेऱ्याचा दोष नाही, तो बिचारा फसतो. आतलं प्रकाशमापक अशा हिशेबाने चालतं की समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम राखाडी असणार. बहुतेक वेळा ती असतेही. धुक्यात मात्र सगळंच उजळ. कॅमेऱ्याला वाटतं उजेड जास्त झाला, म्हणून तो फोटो काळवंडवतो. तेव्हा आपणच त्याला सांगायचं की बाबा, हे पांढरंच आहे. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटोतला उजेड आपल्या हाताने कमीजास्त करायची सोय) अधिक दोन तृतीयांश ते अधिक एक स्टॉप; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट. बर्फावर आणि पांढऱ्या वाळूवरही हीच मात्रा.

निळाईताई, तुमचं दुखणं त्याच्या बरोबर उलटं. तिन्हीसांजेला दृश्य खरोखरच काळोखं असतं आणि फोन ते ओढून मध्यम राखाडीपर्यंत आणतो. वर हल्लीचे फोन एकामागून एक फोटो काढून ते आपसांत मिसळतात आणि सावल्याही उजळून टाकतात. रात्रीचा मोड बंद करा, पडद्यावर बोट ठेवून उजेडाची पट्टी खाली ओढा. डोळ्याला दिसतं त्याहून थोडं जास्तच काळं ठेवलंत तरी चालेल.

टेकड्यांचं कारण लेन्स. फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मिमी लेन्सइतकं रुंद बघतो. आपण टेकडीकडे बघताना मन बाकीचं सगळं वगळून तेवढ्यावरच खिळतं, म्हणून ती मोठी वाटते. फोन काहीच वगळत नाही. दोनपट-तीनपट झूम असेल तर तो वापरा. मात्र तो वेगळ्या लेन्सचा असायला हवा, नुसता ताणलेला नको.

खांब पुसू नका. का ते संध्याकाळी लिहितो, आता बाहेर जायचं आहे.

निळाई | १० मार्च, संध्याकाळी ७:१५

काका, जमलं!!! पट्टी खाली ओढली आणि आली ती निळाई. इतके दिवस मी फोनच बदलायला निघाले होते.

अंधारखोली | १० मार्च, रात्री ९:५०

हं, आता खांब आणि तिरपा डोळा दोघांकडे वळतो.

कॅमेऱ्याने काढलेला, आज शाबूत असलेला सगळ्यात जुना फोटो कशाचा आहे माहितीये? किल्ल्याचा नाही, राजाचा नाही, सूर्यास्ताचाही नाही. नीएप्स नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १८२६-२७ च्या सुमारास आपल्याच घराच्या वरच्या खिडकीतून दिसणारी छपरं टिपली. कथिलाच्या मिश्रधातूचा पत्रा, त्यावर डांबराच्या जातीचा लेप, आणि कित्येक तासांचं एक्स्पोजर. इतके तास की तेवढ्यात सूर्य एका बाजूचा दुसऱ्या बाजूला गेला आणि दोन्हीकडच्या भिंतींवर ऊन उमटलं. त्या माणसाने ती छपरं रोज पाहिली असणार. आमच्या धंद्याची सुरुवातच रोजच्या जागेपासून झाली आहे म्हणा ना.

दुसरा माझा लाडका, प्रागचा योसेफ सुदेक. पहिल्या महायुद्धात उजवा हात गेला. एका हाताने भलेथोरले लाकडी कॅमेरे हाताळायचा. १९४० ते १९५४ या काळात तो आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढत राहिला. सुरुवातीची वर्षं जर्मन ताब्यातली, बाहेर कॅमेरा घेऊन हिंडणं धोक्याचं. म्हणून खिडकी. काचेवर साचलेलं बाष्प, ओघळ, पलीकडे अंगणातलं एक वाकडं झाड. पाऊलवाट, तुमच्यासारखंच वाकडं.

खांबाबद्दल. १९७५ साली अमेरिकेत रॉचेस्टरच्या ईस्टमन संग्रहालयात छायाचित्रांचं एक प्रदर्शन झालं होतं. रॉबर्ट ॲडम्स, लुईस बॉल्ट्झ, बेखर दांपत्य अशी मंडळी. डोंगर-धबधबे सोडून त्यांनी गोदामं, नव्या वसाहती, गाड्या लावायची मोकळी आवारं, तारा, खांब असं सगळं शांतपणे मांडलं. तेव्हा अनेकांना ते कंटाळवाणं वाटलं. आज निसर्गछायाचित्रणाच्या इतिहासात ते टाळून पुढे जाता येत नाही. खांब तुमच्या माळाचाच आहे, राहू द्या त्याला तिथे.

तिरपा डोळा | १० मार्च, रात्री १०:२०

काका, सुदेकचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. त्याचा कुठलाही एक फोटो उचला, खिडकीची गोष्ट ठाऊक नसतानाही माणूस त्यापुढे थांबतो. मी तेच म्हणतोय. जागा रोजची असण्याला माझी हरकत नाही, फोटो रोजचा असण्याला आहे.

अंधारखोली | १० मार्च, रात्री १०:३१

हे वाक्य मात्र बरोबर बोललात.

शंकूची सावली | ११ मार्च, सकाळी ६:५०

पाऊलवाट, एक घाईची सूचना. तुमच्या झाडामागून सूर्य उगवत असेल तर हे दोन-तीन आठवडे दवडू नका. २१ मार्चच्या आसपास सूर्योदयाची जागा सगळ्यात वेगाने सरकते, रोज जवळजवळ बिंबाच्या रुंदीइतकी. आज बेचक्यात दिसला तर चार दिवसांनी तो तिथे नसणार. जूनच्या आणि डिसेंबरच्या टोकाला उलट कितीतरी दिवस तो एकाच जागी उगवल्यासारखा वाटतो.

रोजचीच जागा म्हणतो आपण, पण प्रकाशाच्या हिशेबाने ती वर्षातून दोनदाच स्वतःसारखी असते.

पाऊलवाट | १५ मार्च, रात्री ९:००

हे भारी आहे शंकूताई. मी सूर्य टाळतच होते हल्ली, कॅलेंडरसारखा दिसतो म्हणून. पण आज तो कुठून उगवतोय हे न बघता त्याचं ऊन कुठे पडतंय ते बघितलं. कोवळं ऊन तिरपं आल्यामुळे माळावरची प्रत्येक ढेकळी आपापली सावली घेऊन बसली होती. दुपारी हाच माळ पसरलेल्या चादरीसारखा सपाट दिसतो. तिथे जुनी पायवाट होती हेही आज कळलं. गवत उगवून ती बुजलीये, पण तिची एक कड बोटभर खोल आहे आणि तेवढ्यात सावलीची रेघ उमटली. पंधरा मिनिटांत पुसली गेली.

आणि तिरपा डोळा, तुमच्यासाठी एक प्रयोग केला. एक रांग दिसते तो फोटो आणि दोन रांगा दिसतात तो, दोन्ही शेजारी शेजारी लावून घरातल्यांना दाखवले. सुटे दाखवले तेव्हा ‘बरंय’ म्हणाले. जोडीने दाखवले तर सगळे आधी एकीकडे, मग दुसरीकडे, मग परत पहिलीकडे बघायला लागले. म्हणजे तुमचं अर्धं खरं आहे. सुटा फोटो लंगडाच आहे. दोन असले की मात्र चालतात.

खांब पुसूनही बघितला. खांब गेल्यावर झाड केवढं आहे तेच कळेना, झुडूप वाटायला लागलं. परत आणला.

तिरपा डोळा | १५ मार्च, रात्री ९:३०

जोडी पाहिली. मान्य, थांबलो. जोडीसाठी +१. मोने नावाच्या चित्रकाराने गवताच्या गंजींची पंचवीसेक चित्रं केली होती १८९०-९१ मध्ये, ती आठवली. तीही एकत्र टांगली की बोलतात.

तरी एक शंका राहतेच. ऐंशीएक फोटोंतून जोडी निघाली. उरलेल्या अठ्ठ्याहत्तरांचं काय?

पाऊलवाट | १५ मार्च, रात्री ९:४२

ते पाठांतर. :) कविता पाठ असली की कोणी एक शब्द बदलून म्हटला तर कानाला लगेच खटकतं, तसंच. माळ पाठ नसता तर दुसरी टेकडी मला दिसलीच नसती. ते अठ्ठ्याहत्तर कोणाला दाखवायचे नाहीत.

चौथा मजला | १६ मार्च, रात्री ११:४५

खूप दिवस नुसताच वाचतोय, आज लिहितो. तुमच्याकडे माळ तरी आहे, हो. माझ्या खिडकीसमोर भिंत आहे. विटांची, गिलावा न केलेली, एक पाइप, पाइपाखाली ओल्याचा डाग. मधे नऊ-दहा मीटरचं अंतर. आकाश बघायचं तर खिडकीतून मान बाहेर काढून वर करावी लागते. इथे कसलं शांत सौंदर्य शोधायचं? कुचेष्टा करत नाहीये, खरंच विचारतोय. कामाच्या वेळा अशा आहेत की सकाळचा अर्धा तास सोडला तर उजेडात मी घरी नसतोच.

अंधारखोली | १७ मार्च, सकाळी १०:१०

तोच अर्धा तास. रोज त्याच वेळी, त्याच चौकटीत, फोन खिडकीच्या कठड्याला टेकवून. महिनाभर चांगलं काढायचं नाही अशी शपथ घ्या.

चौथा मजला | १४ एप्रिल, रात्री १०:३०

महिना झाला. अहवाल: काही नाही. डाग वाळत आलाय. आधी घोड्यासारखा दिसायचा, आता घोड्याचे पाय गेले. पाइपावर गंजाचे तीन ओघळ आहेत, मी आतापर्यंत दोनच धरून चाललो होतो. विटा सगळ्या एका रंगाच्या नाहीत, खालून अकराव्या थरात चार विटा जवळजवळ जांभळ्या आहेत, भट्टीत जास्त भाजल्या असाव्यात. भिंतीवर सकाळी ऊन येतच नाही, सूर्य तिच्या मागून उगवतो. सपाट सावली.

फोटो बघवत नाहीत. पण मोजायची सवय लागली.

निळाई | १४ एप्रिल, रात्री १०:४१

घोड्याचे पाय गेले 😄 अहो, टाका ना ते फोटो!

पाऊलवाट | १५ एप्रिल, सकाळी ८:०५

तुम्ही नकळत काय सांगितलंत बघा. ढगाळ दिवशी किंवा सपाट सावलीत माळाचे रंग मला जास्त खरे दिसतात, कारण चकाकी नसते. जांभळ्या विटा तुम्हाला उन्हात कदाचित दिसल्याही नसत्या. पाऊस पडून गेल्यावर तर विशेष बघा. ओल्या पृष्ठभागावरचा विखुरलेला पांढुरका उजेड कमी होतो आणि आतला रंग गडद होऊन वर येतो.

चौथा मजला | १० मे, सकाळी ८:१५

काल सकाळी ७:४० ला भिंतीवर उजेड आला.

ऊन नाही. भिंत सावलीतच होती, तिच्यावर एक जाळीदार कवडसा. पाण्याच्या तळाशी उन्हाची हलती नक्षी असते ना, तशी, पण न हलणारी. मला वाटलं कोणीतरी आरसा दाखवतंय. जांभळ्या विटांच्या बराच वर आला, बघता बघता पाच-सहा विटा खाली उतरला आणि ७:५२ ला बंद. दिवा मालवावा तसा. मी फोटो काढायचा विसरलो. आज फोन आधीच टेकवून ठेवला होता, आज परत आला. तीन फोटो चिकटवतोय.

तिरपा डोळा | १० मे, सकाळी ८:४०

तिसरा फोटो. गोष्ट वाचायच्या आधी बघितला आणि थांबलो. काळ्या भिंतीवर तेवढंच जाळं, कडेला पाइपाची एक उभी रेघ. साष्टांग.

शंकूची सावली | १० मे, सकाळी ९:३०

वा! भिंतीमागे दोन इमारतींमधे फट आहे का? आणि तुमच्या वरच्या मजल्यांवर काचेच्या खिडक्या?

चौथा मजला | १० मे, रात्री ११:२०

दोन्ही आहे. मान मोडेपर्यंत बाहेर काढून बघितलं. तुम्हाला कसं कळलं?

शंकूची सावली | ११ मे, सकाळी ७:००

मग कोडं सुटलं. त्या फटीतून सूर्य तुमच्या वरच्या मजल्याच्या काचेवर येतो, काच तो समोरच्या भिंतीवर फेकते. खिडकीची काच आपल्याला सपाट वाटते, पण ती किंचित फुगीर किंवा खोलगट असतेच. त्या लहरींमुळे उजेड कुठे गोळा होतो, कुठे पसरतो, आणि जाळी तयार होते. सूर्य वर चढतो तसा कवडसा खाली उतरतो. सूर्य फटीबाहेर गेला की दिवा बंद.

एक काम करा. रोज ७:४५ ला तो कितव्या विटेवर आहे ते लिहून ठेवा.

चौथा मजला | १६ मे, सकाळी ८:००

रोज अर्ध्या विटेच्या आसपास सरकतोय. सातव्या दिवशी तीन विटांचा फरक. शंकूताई, मला झोप लागत नाहीये, पावणेसातलाच उठून बसतो.

शंकूची सावली | १६ मे, सकाळी ८:२५

अगदी बरोबर! सध्या सूर्य रोज पाव अंशाहून थोडा कमी उत्तरेला सरकतोय. दहा मीटरवर त्याचे चारेक सेंटिमीटर होतात. अर्धी वीट.

चौथा मजला | २९ मे, रात्री १०:५०

१८ तारखेला शेवटचा आला. आज अकरा दिवस झाले, काही नाही. ढगही नव्हते. पडलेल्या चेहऱ्याने लिहितोय हे. घरात हसतात, भिंतीकडे काय बघत बसतोस म्हणून.

पाऊलवाट | २९ मे, रात्री ११:०४

अरेरे. माझ्या दोन रांगाही डिसेंबरनंतर दोनदाच दिसल्या. रात्र निरभ्र आणि वारा अजिबात नाही असं जुळून आलं की जमीन उष्णता सोडून गार होते, तिला लागून असलेली हवाही गार होते, आणि धुकं सखल भागात साचतं. ऊन तापलं की तासा-दोन तासांत उडून जातं. तेव्हा रात्री झोपण्याआधी आता मी चांदण्या दिसतायत का आणि पान हलतंय का ते बघते. तुमच्या कवडशाला तर यापेक्षा नेमका हिशेब असणार. शंकूताई कुठे आहेत?

शंकूची सावली | ३० मे, सकाळी ७:१०

इथेच आहे. गेला नाही हो तो, वर गेलाय.

सूर्य २१ जूनपर्यंत उत्तरेला सरकत राहील आणि मग त्याच वाटेने परत फिरेल. तुमच्या फटीसमोरून १८ मेला पुढे गेला, म्हणजे २१ जूनच्या ३४ दिवस आधी. तेव्हा ३४ दिवसांनंतर, २५ जुलैच्या सुमारास तो फटीत परत यायला हवा. आणि या वेळी उलट्या क्रमाने: मेमध्ये शेवटी ज्या विटेवर होता, तिथून सुरुवात. पुढे दहाएक दिवस राहील.

कॅलेंडरवर खूण करा. आधी जाऊन बसू नका, वैतागाल.

तिरपा डोळा | ३० मे, सकाळी ७:३५

हा धागा छायाचित्रणाचा आहे की पंचांगाचा? (तक्रार नाही. वाचनखूण साठवली आहे.)

अंधारखोली | ३० मे, सकाळी ११:००

अवांतर: स्टीग्लिट्झ नावाच्या अमेरिकन छायाचित्रकारानं १९२२ पासून कितीतरी वर्षं ढगांचे फोटो काढले, पुढे पुढे क्षितिजही न दाखवता, नुसतं डोक्यावरचं आभाळ. तोवर नामवंतांची व्यक्तिचित्रं काढून त्याचं नाव झालेलं होतं. कोणीतरी म्हटलं होतं की याची ताकद समोर बसलेल्या माणसांवर तो घालतो त्या मोहिनीत आहे. त्याने विषय असा निवडला की जो सगळ्यांना फुकट आणि सारखाच मिळतो. चौथा मजला, तुमची भिंत त्या पंगतीत बसते असं माझं मत. मधल्या काळात फोटो थांबवू नका. कवडसा नसलेली भिंतही लागणार आहे जोडीला.

पाऊलवाट | २२ जून, रात्री ९:१५

माळावर नवीन काही नाही, गवत वाढलंय. दगड अर्धा बुडाला गवतात, पाय टेकवायला चाचपडावं लागतं.

निळाई | २४ जुलै, रात्री ९:००

चौथा मजला, उद्या आहे ना?

चौथा मजला | २५ जुलै, सकाळी ८:१०

आभाळ गच्च. काही दिसलं नाही.

चौथा मजला | २६ जुलै, सकाळी ९:०५

आज सव्वासातपासून निळं आकाश. ७:३५ ला फोन टेकवला. ७:४० झाले. काही नाही. ७:४५, काही नाही. ७:४८ ला म्हटलं शंकूताईंचं गणित चुकलं, फोन उचलला, चप्पल घालायला वळलो. पाठीमागे काहीतरी बदलल्यासारखं वाटलं. वळून बघितलं तर आला होता. बरोबर ७:५०. जाळी तीच, वीट तीच, शेवटच्या दिवशी होता तीच. ८:०२ ला गेला. कामाला उशीर झाला, होऊ दे.

पण दहा मिनिटं उशीर का?

शंकूची सावली | २६ जुलै, सकाळी ९:४०

ती चूक माझी, सांगायचं राहिलं. आपलं घड्याळ वर्षभर एकाच चालीने चालतं, सूर्य तसा चालत नाही. पृथ्वीची कक्षा लंबगोल आहे आणि आस कलती आहे, त्यामुळे सावलीवर चालणारं घड्याळ कधी पुढे जातं, कधी मागे पडतं. मेच्या मध्यावर ते साडेतीन मिनिटं पुढे होतं, आता साडेसहा मिनिटं मागे आहे. दोन्ही मिळून दहा.

तुमच्या भिंतीने ते मोजलं.

तिरपा डोळा | २६ जुलै, सकाळी ९:५५

चौथा मजला, १८ मेचा आणि आजचा फोटो शेजारी शेजारी लावा बरं.

चौथा मजला | २६ जुलै, रात्री ११:३०

लावले. डावीकडे मे, उजवीकडे जुलै. कवडशात फरक नाही, मी पुन्हा पुन्हा बघितलं. डाग बघा पण. पावसाने परत ओला झालाय आणि घोड्याला पाय आलेत.